बोक्याचं नव्हे, माझं

बोक्याच्या मुताचा वास घरातून जात नाही, हे ज्याने सोसलंय त्यालाच कळतं. बाकीचे म्हणतात, "अगं, फिनाईल टाक ना!" अच्छा, म्हणजे मला हे सुचलंच नव्हतं. अशा सल्लागारांना आठ दिवस माझ्या घरी राहायला बोलवावं असं फार मनात यायचं, पण तेव्हा आमच्याकडे कोणी चहालासुद्धा थांबत नव्हतं.

आम्ही सव्वीस वर्षं दिल्लीच्या सरोजिनी नगरात काढली, सरकारी क्वार्टरमध्ये, तळमजल्यावर. मी एका मंत्रालयात, नवरा दुसऱ्या, आणि सासरे तिसऱ्याच मंत्रालयातून सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झालेले. त्यांना मी बाबा म्हणते. मुलगी शिकायला बंगळुरूला गेली ती तिकडेच राहिली. घरात उरलो तिघं आणि तिघंही फाइलवाले, म्हणजे बोलण्याचा आनंदच. जे सांगायचं ते एका ओळीत सांगायचं आणि समोरच्याने 'बरं' म्हणायचं, ही आमच्या घरची रीत. भांडायचं काम माझ्या एकटीकडे होतं, कारण मला राग येतो आणि तो पोटात ठेवता येत नाही.

सासूबाई गेल्या त्या वर्षी मागच्या कडुनिंबाखाली एका मांजरीने पिल्लं घातली. बाकीची कुठे गेली देव जाणे, एक बोका मात्र बाबांच्या मागे लागला. की बाबाच त्याच्या मागे लागले, ते मला आजवर कळलेलं नाही. पांढरा, पाठीवर राखाडी ठिपके, एक कान फाटका. नाव कोणी ठेवलं नाही. 'बोका' म्हटलं की यायचा. बाबा सकाळी त्याला दूधपोळी कुस्करून द्यायचे आणि मग पेपरमधल्या बातम्या सांगायचे. "काही खरं नाही बघ या सरकारचं," असं ते त्याला म्हणायचे, आणि बोका डोळे मिटून ऐकायचा. आम्हा दोघांशी मिळून बोलले नसतील तेवढं ते एकट्या बोक्याशी बोलायचे.

त्याच्या शूशीचा प्रश्न तेव्हा कोणाला पडलाच नाही. मागे माती होती. तो खड्डा करायचा, काम उरकायचा, वर माती लोटायचा आणि मागे वळून बघायचासुद्धा नाही. कॉलनीतल्या कित्येक माणसांपेक्षा तो स्वच्छ होता.

मग कॉलनी पाडायची ठरली आणि क्वार्टर सोडायची नोटीस आली. गुरुग्रामला आमचा फ्लॅट तयार होऊन पडला होता, नवव्या मजल्यावर. सामान बांधताना बाबा म्हणाले, "बोका येणार असेल तर मी येतो."

"बाबा, तो काय रेशनकार्डावर आहे का?" मी म्हटलं.

"मी तरी आता कुठे आहे?" ते म्हणाले.

बोका भाजीच्या टोपलीत बसून, वर दुसरी टोपली उपडी बांधून, गुरुग्रामला आला. सबंध रस्ता तो रडत होता आणि बाबा त्याला मराठीतून समजावत होते. टॅक्सीवाल्याने आरशातून तीनदा मागे पाहिलं.

पंधरा दिवस बरे गेले. बाल्कनीत प्लास्टिकचा ट्रे ठेवला, त्यात वाळू घातली, आणि बोक्यालाही ते लगेच समजलं. मी मनात म्हटलं, चलो, हा तरी शहाणा निघाला. मग एका संध्याकाळी ऑफिसातून आले, चपला काढायला वाकले, तर बोका चपलांच्या कपाटाजवळ माझ्याकडे पाठ करून उभा. शेपूट ताठ वर, टोक थरथरतंय. मला वाटलं, लाडात आलाय. आणि मागून पिचकारी सुटली की हो! भिंतीवर, माझ्या गुडघ्याएवढ्या उंचीवर, आणि तिथून ओघळत खाली माझ्या पर्सवर.

बसून करणं वेगळं आणि उभं राहून फवारणं वेगळं, हे ज्ञान मला पन्नाशी उलटल्यावर झालं. समोरच्या फ्लॅटमध्ये कोणीतरी झुबकेदार शेपटीचा एक विलायती बोका आणला होता. दाराच्या फटीतून त्याचा वास आमच्याकडे यायचा, आणि आमचा पठ्ठ्या त्याला उत्तर द्यायचा. आधी दाराशी, मग बाल्कनीच्या पडद्यावर, मग फ्रिजच्या बाजूला. फ्रिज गरम असतो, त्यावर ते सुकायचं, आणि पोळ्या लाटताना माझं डोकं उठायचं.

मी पुसायला बसले की साधंसुधं पुसत नाही. ऑफिसजवळच्या सरकारी भांडारात गोमूत्र घातलेलं फरशी पुसायचं द्रावण मिळायचं, सगळ्या सेक्शनमध्ये त्याचं मोठं कौतुक. मी त्याचे पाच लिटरचे कॅन आणले. सकाळी ते, संध्याकाळी ते, रविवारी पडदे त्यात भिजत घातलेले. मी जितकं पुसायचे तितका बोका जोमाने फवारायचा. मी एक भिंत पुसली की तासाभरात तीच भिंत. बाबा म्हणायचे, "त्याला इथे करमत नाही गं." मी म्हणायचे, "मला तरी कुठे करमतंय? मी फवारते का?"

शेवटी सुट्टी टाकून त्याला जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर तरुण, हसरा. मी काय पुसते ते त्याने विचारलं, मी अभिमानाने सांगितलं. तो डोक्याला हात लावून हसायला लागला. "मॅडम, आप उसके घर में किसी और जानवर का पेशाब पोंछ रही हैं। वो बेचारा जवाब नहीं देगा तो क्या करेगा?" अशी माझी शोभा झाली. त्याने सांगितलं, ते द्रावण बंद करा, व्हिनेगरच्या पाण्याने पुसा, दाराची फट बुजवा, आणि नसबंदीचं ऑपरेशन करून टाका, फवारणं बरंचसं थांबेल.

आणि निघताना त्याने अजून एक वाक्य सांगितलं. ते मी नीट लिहिते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. तो म्हणाला, "खड़े होकर स्प्रे करना अलग बात है। लेकिन कभी बैठकर ट्रे के बाहर पेशाब करे, बिस्तर पर, सोफे पर, थोड़ा थोड़ा, तो पहले मेरे पास लाइए, पोंछिए बाद में।" मी "बिल्कुल, बिल्कुल" म्हटलं आणि पर्समध्ये रिक्षाचे सुट्टे शोधत बाहेर पडले.

बाबा आले नव्हते. ऑपरेशनच्या दिवशीही आले नाहीत. "त्याला कोणी विचारलं का?" एवढंच म्हणाले आणि दुपारी जेवले नाहीत. डॉक्टर काय म्हणाला ते त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. रीतच तशी होती आमची.

फवारणं थांबलं. एक महिना लागला, पण थांबलं. पडदे नवे आणले, दिवाणाला नवी गादी शिवून घेतली. घराला माणसांच्या घरासारखा वास यायला लागला, आणि मला हुरूप आला. संक्रांत तोंडावर होती. मी ठरवलं, या वर्षी हळदीकुंकू करायचं, गुरुग्रामच्या घरात पहिलंच. सरोजिनीच्या जुन्या मैत्रिणींना बोलावलं, ऑफिसातल्या दोघी, सोसायटीतल्या तीन मराठी बायका. आणि कोपर्निकस मार्गावरच्या एका ऑफिसात नोकरी करणारी माझी एक खास मैत्रीण, जिच्या घरात मी कधी धुळीचा कण पाहिला नाही. वाण काय द्यायचं? माझ्या डोक्यात दुसरं काही येतच नव्हतं. कपाटात ठेवायच्या सुवासिक पिशव्या दिल्या.

रविवारची दुपार होती. वीस बायका, तिळाच्या वड्या, हसणं-खिदळणं. ती मैत्रीण नारायणपेठ नेसून दिवाणावर बसलेली. बोलता बोलता तिने हात खाली टेकवला. हात उचलून नाकाजवळ नेला. मग उठली आणि साडी मागून पुढे ओढून बघायला लागली.

"अगं, इथे काही सांडलंय का?"

सगळ्या वळून बघायला लागल्या. दिवाणाच्या नव्या खोळीवर परातीएवढा ओला डाग. कोणीतरी म्हणालं, "मांजर आहे ना घरी, चालायचंच." अहो, हे तर आणखी वाईट! शिव्या दिल्या असत्या तरी परवडलं असतं. मग सगळ्यांना एकदम मेट्रोची आठवण झाली. अर्ध्या वड्या ताटलीतच राहिल्या. मैत्रीण माझ्या साडीत घरी गेली, तिची नारायणपेठ पिशवीत घालून.

त्या डागापाशी गुडघे टेकून पुसताना मला डॉक्टरचं वाक्य आठवलं होतं. खोटं कशाला बोलू? बिस्तर पर, सोफे पर, पहले मेरे पास लाइए. अगदी त्याच्या आवाजात आठवलं. पण मी इतकी पेटले होते की आठवण बाजूला सारली. म्हटलं, दुखणं कसलं डोंबलाचं, नवी गादी दिसली म्हणून केलंय मेल्याने.

बाबांच्या खोलीचं दार उघडं होतं. बोका त्यांच्या मांडीवर. मी हॉलमध्ये उभं राहून, त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, नवऱ्याला सांगितलं, "उद्या सकाळी हा बोका सरोजिनीला. मार्केटच्या मागे मांजरं बक्कळ आहेत, त्यात आणखी एक. हा राहील नाहीतर मी राहीन."

नवरा म्हणाला, "बरं."

खोलीचं दार आतून लोटलं गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डब्याच्या पोळ्या करत होते. बाबा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन उभे राहिले. ते कधी स्वयंपाकघराकडे फिरकत नाहीत, पाणी हवं असलं तरी जागेवरून खाकरतात. आंघोळ झालेली, भांग पाडलेला, स्वेटरची सगळी बटणं लावलेली. माझ्याकडे न बघता, फरशीकडे बघत ते म्हणाले, "कालचं ते दिवाणावरचं. बोक्याचं नव्हे. माझं."

माझ्या हातातलं लाटणं थांबलं. एक्याऐंशी वर्षांचा माणूस. तीस वर्षांत मी त्यांना कधी उघड्या अंगाने पाहिलेलं नाही. आपली बनियनसुद्धा ते मी वाळत घालू नये म्हणून स्वतः टॉवेलखाली वाळत घालायचे. ते मला, सुनेला, हे सांगत होते.

मी म्हटलं, "बरं." आणि गॅसकडे तोंड फिरवलं. तव्यावरची पोळी करपली होती.

आता मला विचारा, खरं वाटलं का? सहा महिने जी बाई दिवसरात्र बोक्याचं पुसत होती, तिच्या नाकाला फरक कळू नये? नाकाला शंका आली होती. मी नाकाला गप्प बसवलं. कारण मला हायसं वाटलं होतं. म्हाताऱ्या माणसाचं होतं म्हटल्यावर त्यात माझ्या घर ठेवण्याचा दोष नाही. मी ऑफिसला पोचल्या पोचल्या त्या मैत्रिणीला फोन केला. "अगं, ते बोक्याचं नव्हतं. बाबांचं. आता वय झालं ना."

"अगबाई, असं होय!" तिचा आवाज लगेच लोण्यासारखा. "आणि तू नोकरी करून हे सगळं करतेस? धन्य आहे बाई तुझी."

दोन दिवसांत हळदीकुंकवाला आलेल्या सगळ्यांना ते कळलं. वासाची लाज गेली आणि सेवेचं पुण्य फुकटात पदरात पडलं. बाबांची अब्रू मी वीस बायकांत वाटून टाकली.

नवऱ्याला म्हटलं, "तू एकदा बोल त्यांच्याशी. डॉक्टरला दाखवायला हवं का विचार."

"मी कसं विचारू? वडील आहेत."

"मग मी विचारू? सून आहे मी."

यावर आमची चर्चा संपली. नवऱ्याने मोठ्यांचे डायपर मागवले. आल्यावर ते काळ्या पिशवीत घातले, ती पिशवी वर्तमानपत्रात गुंडाळली, आणि बाबा खाली फिरायला गेलेले असताना त्यांच्या रजईखाली सरकवून ठेवली. चोरीचा माल ठेवावा तसा. संध्याकाळी रजईची घडी पुन्हा सारखी केलेली दिसली, म्हणजे पोचलं. घरातल्या कोणी कोणाला एक प्रश्न विचारला नाही. डॉक्टरकडे नेलं असतं तर त्याने दहा मिनिटांत सांगितलं असतं की या माणसाला काहीही झालेलं नाही. पण मर्यादा होती ना आमच्याकडे! मूग गिळून बसण्याला आमच्यात मर्यादा म्हणतात.

मी मात्र कामाला लागले. त्यांच्या गादीवर रेक्झिन घातलं. दिवाणावर बसायची त्यांची जागा काढून तिथे प्लास्टिकची खुर्ची ठेवली. पाच वाजल्यानंतरचा चहा बंद केला. सगळं न बोलता. या विषयावर मी त्यांच्याशी सबंध हिवाळ्यात एकच वाक्य बोलले. गुरुग्रामची थंडी, फरशी बर्फासारखी, संडास पॅसेजच्या दुसऱ्या टोकाला. ते रात्रीचे उठून जातात हे मला कळलं. पडले, हाड मोडलं, तर निस्तरायचं कोणी? मी त्यांच्या दाराबाहेर उभी राहून, आत न बघता म्हटलं, "रात्री उठू नका बाबा. घातलंय ना, मग करा त्यातच."

आतून ते म्हणाले, "बरं."

बोका राहिला. तो आता बाबांच्या खोलीतच असायचा, दार लोटलेलं. बाबा दुपारी, आम्ही दोघं ऑफिसात असताना, आपल्या चादरी स्वतः धुवायला लागले. सकाळी वर्तमानपत्राचं एक पुडकं घेऊन स्वतः खाली कचऱ्यात टाकून यायचे. खोलीला वास होता, पण आता वासाला कारण होतं, आणि ते कारण मला पटलेलं होतं. मी खोलीत जाणं टाळायचे. जाऊन बघितलं असतं तर कोपऱ्यात, कपाटामागे, एक डायपर उघडून जमिनीवर पसरलेला दिसला असता, आणि त्यावर कोण बसतं तेही कळलं असतं.

एप्रिलच्या एका रविवारी सकाळी बाबा हाका मारत बाहेर आले. हाका! ते खाकरतात, हाका मारत नाहीत. "अगं, बोका बघ. बोका बघ." बोका त्यांच्या खोलीत आडवा पडलेला. पोट टम्म. उठायचा, शेपटी खाली करून बसायचा, जोर करायचा, एक थेंब नाही, आणि असा काही ओरडायचा की माझ्या अंगावर काटा आला. नवऱ्याने कॅब बोलावली, आणि बाबा पायात नुसत्या स्लिपर घालून आमच्यासोबत बसले.

तोच डॉक्टर. या वेळी हसला नाही. पोटाला हात लावून म्हणाला, "पेशाब बंद है। ब्लॉक हो गया है। कब से ट्रे के बाहर कर रहा था?"

मी म्हटलं, "नहीं नहीं, वो तो बंद हो गया। जनवरी में एक बार हुआ था, वो भी इसका नहीं था।"

"बंद नहीं हुआ," बाबा म्हणाले.

मी वळून पाहिलं. ते टेबलाची कडा धरून उभे होते. "जनवरी से कर रहा है, डॉक्टर साहब। मेरे कमरे में। थोड़ा थोड़ा। कभी कभी खून भी।"

डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं. "मैडम, मैंने आपको बोला था।"

"हां," मी म्हटलं.

त्याने समजावून सांगितलं. बोक्याची लघवीची वाट बारीक असते, त्यात खडे अडकतात. ट्रेमध्ये दुखतं म्हणून तो मऊ जागा शोधतो, गादी, रजई. त्यात खोडी नसते. दुखतंय हे सांगायचा त्याच्याकडे तेवढाच मार्ग असतो. लवकर आणलं असतं तर औषधाने आणि खाण्याने भागलं असतं. त्याने नळी घातली, सलाईन लावलं, ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ऑफिसात फोन आला. किडन्या गेल्या होत्या. बोका मेला.

रविवारी परत येताना कॅबमध्ये नवरा पुढे बसला होता, मी आणि बाबा मागे. त्यांच्या मांडीवर रिकामी टोपली. तेच आधी म्हणाले, "डॉक्टर तुला हे आधी बोलले होते?"

"हो."

"मला सांगितलं नाहीस."

"तुम्ही तरी कुठे सांगितलंत?" मी फणकाऱ्याने म्हटलं. आपलीच चूक असली की माझा आवाज जास्त चढतो. "सरळ खोटं बोललात माझ्याशी. का बोललात?"

ते खिडकीबाहेर बघत होते. त्यांना राग आला नव्हता, आला असता तर बरं झालं असतं. "त्याला बाहेर नेऊन सोडता येतं," ते म्हणाले. "मला काही तू सरोजिनीला सोडून येणार नव्हतीस. म्हणून म्हटलं, माझं."

पुढे नवऱ्याने ड्रायव्हरला एसी वाढवायला सांगितलं.

मला जर डॉक्टरचं वाक्य बाबांना सांगायचं सुचलं असतं, तर त्यांनी बोक्याला लपवला नसता, पायी चालत दवाखान्यात नेला असता. त्यांना वाटलं, माझ्यापासून वाचवला म्हणजे वाचला. माझ्याशिवाय दुसरं संकट त्यांना माहीतच नव्हतं. हे मी रोज मेट्रोत उभी असताना स्वतःला सांगते. तिथे तोंड फिरवायला जागा नसते.

बोका गेल्यावर मी त्यांच्या खोलीतलं रेक्झिन काढलं. प्लास्टिकची खुर्ची बाल्कनीत टाकली. डायपरचं उरलेलं पुडकं माळ्यावर फेकलं आणि नवऱ्याला म्हटलं, "संपलं हे नाटक." बाबांना संध्याकाळी सहा वाजता चहा दिला, आल्याचा, दोन चमचे साखर घालून. ते दिवाणावर आपल्या जुन्या जागेवर बसून प्यायले. मला वाटलं, झालं, आता हळूहळू सगळं पहिल्यासारखं होईल.

चौथ्या दिवशी संध्याकाळी मी ऑफिसातून आले. दारातच वास आला. इतक्या महिन्यांनी माझ्या नाकाने या वेळी मुळीच घोळ केला नाही, हा वास बोक्याचा नव्हता. बाबा दिवाणाजवळ उभे होते, धोतराचा सोगा पुढे धरून. दिवाणावर डाग. त्यांनी वर्तमानपत्र पसरून तो झाकायचा प्रयत्न केला होता, आणि वर्तमानपत्र भिजून गादीला चिकटलं होतं.

काहीतरी बोलायला हवं होतं, आणि आयुष्यभर जी जीभ एवढी चालली ती नेमकी तेव्हा अडली. माझ्या तोंडून निघालं, "असू दे बाबा. बोक्याचं असेल."

"तो मेला ना गं," ते म्हणाले. "हे माझंच आहे."

जानेवारीत मी 'बरं' म्हणून गॅसकडे वळले होते. या वेळी मी पर्स जमिनीवर ठेवली, त्यांच्या दंडाला धरून त्यांना खुर्चीवर बसवलं, ओल्या धोतरासकट. तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना हात लावला. मग त्यांच्यासमोर खाली बसले आणि त्या घरात कोणीच कोणाला न विचारलेलं ते विचारलं. "कधीपासून, बाबा?"

त्यांनी थोडा विचार केला. नोंद बरोबर असावी अशी त्यांची जुनी सवय.

"तू म्हणालीस ना, घातलंय तर करा त्यातच," ते म्हणाले. "तेव्हापासून."